डायसिस कौन्सिलला जाणारे पॅरिश डेलिगेट (एपिस्कोपल चर्च, अमेरिका)

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये प्रत्येक पॅरिश, म्हणजे आपण जिला स्थानिक मंडळी म्हणतो ती, दरवर्षी आपल्यातले काही साधे सभासद निवडून डायसिसच्या वार्षिक सभेला पाठवते आणि त्यांना पॅरिश डेलिगेट म्हणतात. साधे म्हणजे पाळकाची दीक्षा न घेतलेले, कोणी शाळेत शिकवणारी बाई, कोणी रिटायर झालेला इंजिनियर, कोणी दुकानदार. डायसिस म्हणजे एका बिशपच्या, म्हणजे पाळकांवरच्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, देखरेखीखालचा भाग, कधी अख्खं राज्य तर कधी राज्याचा एक तुकडा. बहुतेक डायसिस या सभेला कन्व्हेन्शन म्हणतात पण टेक्सास, मिसिसिपी, अटलांटा इथे कौन्सिल हाच शब्द रुळलाय. दक्षिणेत या शब्दाला यादवी युद्धाचा संदर्भ आहे, कारण तिथल्या डायसिसनी तेव्हा वेगळं चर्च काढलं होतं आणि त्याची मोठी सभा जनरल कौन्सिल या नावाने नोव्हेंबर 1862 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात भरली होती.

एपिस्कोपल म्हणजे बिशपांचं चर्च, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं सगळं बिशपच ठरवत असणार, आणि इथेच मोठा गैरसमज होतो. या चर्चमध्ये बिशपसुद्धा डेलिगेटच्या मतांशिवाय निवडून येत नाही.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. ब्रिटिश राज्य असताना अमेरिकन वसाहतींमध्ये एकही बिशप नव्हता, कागदोपत्री सगळा कारभार लंडनच्या बिशपकडे आणि तो समुद्रापलीकडे, त्यामुळे व्हर्जिनियासारख्या ठिकाणी पॅरिशचा पैसा, इमारत, पाळकाची नेमणूक हे सगळं वेस्ट्री म्हणजे गावातल्या प्रतिष्ठित माणसांची कमिटीच बघायची. ही माणसं बहुतेक मोठे जमीनदार होते, गोरगरिबांचे प्रतिनिधी नव्हते हेही सांगायला हवं. पण साध्या सभासदांनी चर्च चालवायची सवय तिथे पक्की झाली. मग स्वातंत्र्ययुद्ध झालं, इंग्लंडशी नातं तुटलं, आणि 1782 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चचे विल्यम व्हाइट यांनी एक पुस्तिका काढून मांडलं की नवीन चर्चच्या कारभारात पाळकांबरोबर साध्या सभासदांनाही जागा हवी. सगळ्यांना ते पटलं नाही. कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी, जे 1784 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जाऊन अमेरिकन चर्चचे पहिले बिशप झाले, त्यांचा साध्या लोकांना एवढा अधिकार द्यायला विरोध होता. शेवटी 1789 मध्ये फिलाडेल्फियाला तडजोड झाली, चर्चच्या राष्ट्रीय सभेत बिशपांचं वेगळं सभागृह आणि पाळक व साधे सभासद यांचं वेगळं सभागृह. डायसिसच्या कौन्सिलमध्ये पाळक आणि डेलिगेट एकाच सभागृहात बसतात, आणि अध्यक्षपदी बिशप असतो.

पण "साधे सभासद" या शब्दात कोण कोण बसतं हा प्रश्न पुढे फार वर्षं चालला, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. अ‍ॅबसलोम जोन्स, जन्माने गुलाम आणि पुढे या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक, यांचं फिलाडेल्फियातलं सेंट थॉमस चर्च 1794 मध्ये डायसिसमध्ये घेतलं खरं, पण अट अशी की त्यांनी सभेला डेलिगेट पाठवायचे नाहीत. म्हणजे प्रार्थना तीच, प्रभुभोजन तेच, बिशप तोच, पण सभागृहात खुर्ची नाही! ही अट उठायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीय पॅरिशने अनेक वर्षं अर्ज करून करून 1853 मध्ये आपली जागा मिळवली. बायकांचंही तसंच. 1946 मध्ये मिझुरी डायसिसने एलिझाबेथ डायर यांना राष्ट्रीय सभेवर पाठवलं आणि त्यांना बसायला मिळालं, तर 1949 मध्ये निवडून आलेल्या बायकांना परत नकार. राष्ट्रीय सभेत बायका रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या त्या थेट 1970 मध्ये, ह्यूस्टनला. त्यामुळे आज एखादी बाई गळ्यात पॅरिशच्या नावाचं कार्ड घालून कौन्सिलच्या हॉलमध्ये शिरते तेव्हा ते कार्ड किती जणींनी किती वर्षं मागितलं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता निवड कशी होते ते. पॅरिशच्या वार्षिक सभेत किंवा काही ठिकाणी वेस्ट्रीकडून डेलिगेट निवडले जातात, किती ते पॅरिशच्या आकारावर ठरतं, लहान मंडळीला एखादा आणि मोठ्या पॅरिशला जास्त, नियम प्रत्येक डायसिसचा वेगळा. सोबत ऑल्टरनेट म्हणजे राखीव माणूस पण निवडतात, कारण कोणी आजारी पडलं तर मत वाया जाऊ नये. निवड झाली की सहीचं सर्टिफिकेट डायसिसच्या ऑफिसला जातं आणि हा कागद नसेल तर दारातच अडतं. पॅरिशने वर्षाचा अहवाल (तो 1 मार्चपर्यंत द्यायचा असतो) किंवा डायसिसला द्यायची वर्गणी थकवली असेल तर बऱ्याच डायसिसमध्ये त्या पॅरिशच्या डेलिगेटला मत मिळत नाही. सभेच्या आधी काही आठवडे जवळपासच्या पॅरिशचे डेलिगेट एकत्र बसून बजेट आणि ठरावांचे मसुदे वाचतात. ही छोटी मीटिंग कोणी चुकवू नये, कारण मुख्य सभेत एका ठरावावर बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि तिथे पहिल्यांदा मसुदा उघडणारा माणूस काहीच विचारू शकत नाही.

सभा साधारण दोन दिवसांची, प्रभुभोजन, बिशपचं भाषण, बजेट, ठराव, वेगवेगळ्या कमिट्यांच्या निवडणुका. राष्ट्रीय सभा, म्हणजे जनरल कन्व्हेन्शन, तीन वर्षांनी भरतं, तिथे जाणारे चार पाळक आणि चार साधे सभासदही इथेच निवडतात. पैशाचा विषय रुक्ष वाटतो पण पॅरिशच्या दानपेटीतला पैसा डायसिसला जातो आणि डायसिसच्या उत्पन्नातून, ठराविक रक्कम वगळून, 15 टक्के राष्ट्रीय चर्चला, तेव्हा बजेटवर हात वर करणारा डेलिगेट आपल्याच शेजाऱ्यांच्या दानाचा हिशोब करत असतो. डेलिगेट पॅरिशचा निरोप्या नसतो हेही महत्त्वाचं. पॅरिशने "असंच मत दे" म्हणून बांधून पाठवायचं नाही अशी रीत आहे, तिथली चर्चा ऐकून, प्रार्थना करून त्याने स्वतः ठरवायचं.

खरी ताकद दिसते ती बिशप निवडताना. पाळकांची मतं वेगळी मोजतात आणि डेलिगेटची वेगळी, आणि एकाच फेरीत दोन्हीकडे बहुमत मिळालं तरच निवड. समजा एका उमेदवाराला पाळकांकडे भरघोस मतं आहेत आणि डेलिगेटकडे दोन मतं कमी, तर नाही झाली निवड, परत कागद वाटा. 1988 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बार्बरा हॅरिस आठव्या फेरीत निवडून आल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमधल्या पहिल्या बाई बिशप झाल्या (एपिस्कोपल चर्चही त्यातलंच). आठ वेळा मतं मोजली गेली, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळ्या पॅरिशमधून आलेल्या त्या साध्या माणसांनी नव्याने नाव लिहिलं. त्यानंतरही इतर डायसिसच्या स्टँडिंग कमिट्या (पाळक आणि साध्या सभासदांच्या निवडलेल्या कायम कमिट्या) आणि बिशप यांच्या बहुमताची संमती लागतेच.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटायला नको. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन मंडळ्या त्यात आल्या, आणि मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या डायसिसमध्ये पास्टरेटचे, म्हणजे एका पाळकाकडच्या मंडळीचे, प्रतिनिधी डायसिस कौन्सिलला जातात. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांना तर त्याआधी बिशपच नव्हते, त्यामुळे तिथे नवीन होता तो बिशप, सभासदांनी सभा घेऊन ठरवणं जुनंच होतं.

कौन्सिल संपल्यावर डेलिगेट रविवारी आपल्या मंडळीसमोर उभं राहून काय काय ठरलं ते सांगतो. मुदत मात्र तिथे संपत नाही. बऱ्याच डायसिसमध्ये तो पुढच्या वार्षिक सभेपर्यंत डेलिगेट राहतो आणि मध्येच बिशप निवडायला खास सभा बोलावली तर तेच लोक परत जातात.