पळसाच्या फुलांचा पाक कुठून आला?

फाल्गुनात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडचे पळस पानं टाकून केशरी होतात. कन्नडमध्ये हाच मुत्तुग. पत्रावळीला पानं आणि रंगपंचमीला फुलं, हे त्याचे जुने उपयोग. उन्हाळे लागले, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की फुलं रात्रभर भिजवायची आणि सकाळी त्या पाण्यात गूळ घालून प्यायची, हेही आमच्या घरात चालत आलेलं. बाटलीत वर्षभर ठेवायचा पाक मात्र नंतरचा.

ही वाट पांढऱ्या साखरेची. ऊस आणि गूळ इथे जुनेच; उगार खुर्दचा साखर कारखाना 1939 सालचा. फुलं साखरेत टिकवायची युक्ती तर गुलकंदाने कधीच शिकवली होती. त्यातला ‘कंद’ म्हणजे संस्कृत ‘खंड’, फारसीत जाऊन परत आलेला.

उलटी रीतही आपल्याकडे आहे. वैद्य आसव-अरिष्टात, म्हणजे आंबवलेल्या औषधांत, धायटीची फुलं घालतात, कारण त्यांच्यासोबत आलेल्या किण्वामुळे (यीस्टमुळे) गोड काढा आंबतो. पाकात हेच टाळायचं असतं. म्हणून फुलांचं गाळलेलं पाणी एक भाग, साखर वजनाने दोन भाग, आणि एक उकळी. इतक्या दाट साखरेत किण्व वाढत नाही. वर लिंबू पिळलं की पाकात खडे धरत नाहीत.

आजी झाडाखाली जुनं लुगडं अंथरायची. फांदीला हात लावू द्यायची नाही. पहाटे गळलेली ताजी फुलं तेवढी घ्यायची. मग एकेक फूल घेऊन मखमली काळी टोपी नखाने काढायची. “ही राहिली की तुरट होतंय बघ,” म्हणायची. टोपलीभर फुलांना आमची अख्खी सकाळ जायची, आणि माझ्या मते चव तिथेच ठरते.

रानातून आणताना एक सांभाळायला हवं. ‘पळसाला पाने तीनच’ खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच असतात, आणि तोही याच दिवसांत पानं झाडून लाल फुलतो. त्याच्या फांद्यांना काटे असतात आणि फुलांत विषारी द्रव्यं. त्याचा पाक करू नये. पळसाला काटा नसतो, आणि ती काळी टोपी पांगाऱ्याच्या फुलाला नसते.

गाळलेल्या पाण्यातला एक तांब्या आजी बाजूला काढायची. चुन्याची निवळी पडली की ते लालभडक होई. तो तांब्या रंगपंचमीचा.