य = २क्ष − १ : सरळ रेषेच्या समीकरणामागचा इतिहास

(२, ३) आणि (४, ७) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा. शाळेतले नेहमीचे गणित. क्ष २ ने वाढतो तेव्हा य ४ ने वाढतो, म्हणून चढ २. एक बिंदू घालून पाहिला की य = २क्ष − १. दोन ओळींत उत्तर येते, आणि रेषा य-अक्षाला आरंभबिंदूच्या खाली, −१ वर छेदते.

दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते हे युक्लिडचे पहिलेच गृहीतक, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांचे. पण ती रेषा अक्षरांत लिहायची तर आधी अक्षरांचे बीजगणित हवे. ते फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये दिले: अज्ञात राशींना स्वर, ज्ञात राशींना व्यंजने.

हीच लिपी घेऊन पिएर द फर्मा या तुलूझच्या न्यायाधीशाने रेषेचे समीकरण मांडले. समीकरणात दोन अज्ञात राशी उरल्या की त्यांतून एक रेषा, सरळ वा वक्र, उमटते, हे त्याचे सूत्र. आणि त्याने सुरुवात केली ती सर्वांत साध्या, आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेपासून. त्याच्या समीकरणात प्रत्येक पद म्हणजे क्षेत्रफळ असे. लांबीतून क्षेत्रफळ वजा करणे त्याला निरर्थक वाटले असते. हे लेखन १६३७ च्या सुमारास हस्तलिखितातूनच फिरत होते. छापले गेले १६७९ मध्ये, फर्माच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.

श्रेय मात्र फ्रेंच तत्त्वज्ञ-गणिती देकार्तच्या नावावर गेले. त्याची ‘ला जिओमेत्री’ १६३७ मध्ये छापून आली, अज्ञातांसाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरण्याची पद्धतही त्याचीच. पण त्याचे लक्ष अवघड वक्रांवर होते. सरळ रेषेचे समीकरण शिकवण्यात त्याला रस नव्हता. शिकवण्याच्या दृष्टीने मला फर्माच जवळचा वाटतो.

रेषेकडे नीट वळला तो योहान द विट, हॉलंडचा राज्यकर्ता, ज्याला १६७२ मध्ये हेग शहरात जमावाने ठार मारले. त्याच्या ग्रंथात चढाचे पद अधिक स्थिरपद, चढाचे पद उणे स्थिरपद अशी रूपे वेगवेगळी येतात. वेगवेगळी का? कारण ऋण निर्देशक तेव्हा रुळलेलेच नव्हते. आपली रेषा त्याच्या आकृतीत क्ष-अक्षावरच्या १/२ या बिंदूपासून सुरू झाली असती. −१ चा बिंदू तिथे नसताच. चारही चरणांत मोकळेपणाने वावरणारे आलेख न्यूटनने काढले, ते १७०४ मध्ये छापले गेले.

दिलेला बिंदू आणि चढ यांवरून समीकरण लिहिण्याचे आजचे रूप त्याहूनही उशिराचे. ते फ्रेंच गणिती गास्पार मोंजच्या १७८४ च्या निबंधात स्पष्ट दिसते. मोंज तटबंदी-अभियंत्यांना शिकवत असे. बांधकामाच्या रेखाटनात रेषा रोज लागते, तिला अवघड वक्रांची पायरी मानून पुढे जाता येत नाही. पुढे लाक्रोआच्या पाठ्यपुस्तकांनी ही मांडणी वर्गात नेली.

राहता राहिले चढासाठी आज वापरले जाणारे ‘एम’ हे अक्षर. ते देकार्तने फ्रेंचमधल्या ‘चढणे’ या शब्दावरून घेतले असे वारंवार सांगितले जाते. देकार्तने चढासाठी ते कधी वापरलेच नाही. स्वीडनच्या शाळांत तर चढाला ‘के’ म्हणतात आणि ‘एम’ हे अक्षर य-अक्षावरच्या छेदासाठी ठेवतात, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या त्या −१ साठी.