तांबडा नांगर

अठराव्या शतकातली पोर्सेलिनची एखादी इंग्लिश मेंढपाळीण लिलावात आली, की जाणकार तिच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात; आधी तिला उलटी करून बूड तपासतात. शोध असतो नांगराचा. शेतातल्या नव्हे, जहाजाच्या. तांबड्या रंगातला, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, कधी तळाशी तर कधी मागच्या बाजूला दडवलेला. लंडनजवळच्या चेल्सी कारखान्याची १७५२ ते १७५६ या काळातली ही खूण. लिएजहून आलेल्या निकोलस स्प्रिमाँ या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने १७४५ च्या सुमारास हा कारखाना सुरू केला होता.

गंमत म्हणजे या बाहुल्या कपाटात ठेवायला घडवलेल्याच नव्हत्या. बड्या मेजवान्यांत शेवटच्या गोडाच्या वेळी टेबलावर साखरेची शिल्पं मांडायची युरोपात रीत होती; आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसारखंच नाजूक आणि चार दिवसांचं काम. जर्मनीत माइसेनच्या पोर्सेलिन कारखान्यातल्या केंडलर या शिल्पकाराने घडवलेल्या पोर्सेलिनच्या मूर्तींनी साखरेची ती जागा घेतली. इंग्रजांनी मग सरळ माइसेनच उचललं. ड्रेस्डेनला राजदूत राहिलेल्या चार्ल्स हॅनबरी विल्यम्स यांच्या संग्रहातल्या वस्तू १७५१ मध्ये नमुन्यादाखल चेल्सीला उसन्या मिळाल्या होत्या. पूर्व लंडनमधल्या बो कारखान्याची नजर मात्र रंगभूमीवरही होती: किटी क्लाइव्ह या गाजलेल्या नटीची त्यांनी केलेली मूर्ती १७५० ची आहे.

माइसेनकडे केओलिन, म्हणजे कठीण पोर्सेलिनला लागणारी पांढरी माती, होतं; इंग्रजांकडे तेव्हा नव्हतं. म्हणून चेल्सीचं पोर्सेलिन मऊ जातीचं, भट्टीत लवकर खचणारं. बोवाल्यांनी मिश्रणात हाडांची राख घातली. मूर्ती कलंडू नये म्हणून पायामागे झाडाचा बुंधा यायचा. पुढे चेल्सीच्या खुणेचा नांगर तांबड्याचा सोनेरी झाला त्या काळात, १७५६ नंतर, त्या बुंध्याला पानाफुलांचा एवढा पिसारा फुटला की मूर्ती फक्त समोरूनच बघायची उरली. टेबलावरून तिचा मुक्काम शेकोटीवरच्या फळीवर हलल्याचं ते लक्षण. माझ्या मते तिथेच तिची रया गेली. पण सोन्यावर भाळणारे गिऱ्हाईक तेव्हाही होते, आजही आहेत. १७७० मध्ये डर्बीच्या विल्यम ड्यूसबरीने चेल्सी विकत घेतलं. डर्बीच्या मूर्ती बुडावरच्या तीन-चार काळपट डागांवरून कळतात. भट्टीत त्या मातीच्या गोळ्यांवर टेकवत, त्याचे ते ठसे.

संग्राहकांचं वेड एकोणिसाव्या शतकातलं. पहिल्या नवऱ्यामागे वेल्समधला लोखंडाचा कारखाना चालवलेल्या लेडी शार्लट श्रायबर नंतर दुसऱ्या नवऱ्याबरोबर युरोपभर दुकानं धुंडाळत फिरल्या. १८८४ मध्ये त्यांनी आपला इंग्लिश संग्रह लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला, दिला.

मागणी वाढली तशा नकलाही आल्या. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने चेल्सीच्या मूर्ती नांगरासकट केल्या, पण कठीण पोर्सेलिनमध्ये. त्यांचा पांढरेपणा थंड, करडा. अस्सल चेल्सीचा सायीसारखा. आणि नकलेवरचा सोनेरी नांगर बहुधा चांगला ठसठशीत, लांबूनच दिसेल असा.