गेंब्री रॉकच्या मंचावर कशी आली?

बाब लब्लूझ हा मोरोक्को आणि फ्रान्समधल्या चार जणांचा बँड २०१८ साली मराकेशमध्ये उभा राहिला. रॉक बँडमध्ये जिथे गिटार आणि बेस असतात, तिथे यांच्याकडे अविशा आणि गेंब्री ही दोन तंतुवाद्यं आहेत, दोन्ही विजेवर चालणारी. युस्रा मन्सूर गाते आणि अविशा वाजवते, ब्रीस बोत्तां गेंब्री सांभाळतो. जोडीला ड्रम आणि बासरी असते, गाणी मोरोक्कोच्या बोलीभाषेत, म्हणजे दारिजात. २०२० मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘नायदा!’ रिअल वर्ल्ड या ब्रिटिश कंपनीने काढला. तेव्हापासून त्यांची ओळख ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’ अशी करून दिली जाते. पण या संगमाची सुरुवात बँडपासून झालेली नाही. गेंब्री हे मोरोक्कोतल्या ग्नावा समाजाचं वाद्य, आणि ती बँडच्या हाती आली तेव्हाच बरीच भटकून आलेली होती.

१५९१ साली मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याच्या फौजेने सहारा ओलांडून तोंदिबीच्या लढाईत पश्चिम आफ्रिकेतल्या सोंघाई साम्राज्याचा पराभव केला. वाळवंटातून उत्तरेकडे जाणाऱ्या तांड्यांबरोबर सोनं जायचं आणि गुलामही जायचे. हा व्यापार त्याआधीही होता, नंतरही चालूच राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान मौलाय इस्माईलने तर काळ्या सैनिकांची स्वतंत्र फौजच उभारली. मोरोक्कोतला गुलामांचा व्यवहार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पुरता थांबला नव्हता. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या या माणसांचे वंशज म्हणजे ग्नावा. त्यांच्या गाण्यांत आजही बंबारा आणि हौसा भाषेतले शब्द येतात, आणि ते गाणाऱ्यालाही त्यांचा अर्थ बऱ्याचदा सांगता येत नाही. ग्नावा स्वतःला सिदी बिलाल यांच्या छत्राखालचे मानतात. बिलाल हे इस्लामचे पहिले मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, गुलामीतून मुक्त झालेले. गुजरातमधले सिद्दीही त्यांनाच आपला पूर्वज मानतात. जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव आपल्याला नवं नाही. हे सिद्दी पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे आले आणि ग्नावांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून वाळवंटमार्गे, तरी श्रद्धेचा हा धागा मात्र एक आहे.

ग्नावांचं संगीत मुळात मैफलीचं नव्हेच. रात्रभर चालणारा त्यांचा विधी म्हणजे लीला. मराठी वाचकाला हे समजायला गोंधळ किंवा जागरण आठवलं तरी पुरे. आजारी किंवा पछाडलेल्या माणसासाठी घरात लीला मांडतात. आधी रस्त्यातून ढोल वाजवत मिरवणूक येते, मग माणसं आत बसतात, लोबान जळतो आणि एकेका आत्म्याला त्याच्या रंगाने आणि त्याच्या सुरावटीने बोलावलं जातं. समुद्राच्या सिदी मूसाचा रंग निळा, कत्तलखान्याच्या सिदी हमूचा लाल, लल्ला मीराचा पिवळा. ज्याच्या अंगात येतं त्याच्यावर त्या रंगाचं कापड पडतं, आणि त्याचं समाधान होईपर्यंत वाजवणं थांबवायचं नसतं. विधीची सगळी सूत्रं मोकद्दमा या बाईच्या हाती असतात, संगीताची मालेमच्या. मालेम म्हणजे उस्ताद, आणि ही पदवी कुणाला द्यायची हे जुने मालेमच ठरवतात.

या मालेमच्या मांडीवर जे असतं ती गेंब्री. एकाच ओंडक्यातून कोरलेलं लांबट खोकं, त्यावर ताणलेलं उंटाचं कातडं, आतड्याच्या तीन तारा. त्यांतली एक आखूड असते आणि ती मध्येमध्ये एकच सूर देत राहते. दांडीच्या टोकाला कड्या लावलेला धातूचा पत्रा खोचतात, तो प्रत्येक आघाताबरोबर झणझणतो. वादक तार छेडतानाच बोटांनी कातड्यावर थाप मारतो, म्हणजे बेस आणि ढोल एकाच हातातून निघतात. साथीला क्राकेब, लोखंडी चिपळ्या. गुलामांच्या बेड्यांचा आवाज त्यांत उतरला आहे असं ग्नावा सांगतात. सुरावटी बहुतेक पाच सुरांच्या. ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताशी त्या सहज जुळतात, कारण दोन्हीकडची बरीच माणसं पश्चिम आफ्रिकेतून नेलेली होती, असं मानलं जातं.

अमेरिकन जॅझ पियानोवादक रँडी वेस्टन १९६७ साली मोरोक्कोत आला, तांजियरमध्ये त्याने क्लब चालवला आणि तिथल्या अब्देल्ला एल गूर्द या मालेमशी त्याचं जे नातं जुळलं ते आयुष्यभर टिकलं. १९६९ मध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स एसवीरा या बंदराच्या गावी काही दिवस राहून गेला. आपलं एक प्रसिद्ध गाणं त्याने तिथला पडका किल्ला पाहून लिहिलं, ही दंतकथा पर्यटकांना अजून ऐकवली जाते, आणि ते गाणं या मुक्कामाच्या दोन वर्षं आधीच बाजारात आलं होतं याची कुणाला फिकीर नसते. तिथे येणाऱ्या परदेशी कलावंतांच्या आठवणी अशा जपल्या जातात. त्यांना वाजवून दाखवणाऱ्या मालेमांची नावं मात्र क्वचितच कुणाला सांगता येतात.

माझ्या मते खरं वळण परदेशी पाहुण्यांमुळे आलं नाही, ते कासाब्लांकातल्या हय मोहम्मदी या कामगार वस्तीत आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नास एल घिवान हा गट जमला. त्यांच्याकडे बँजो होता, ढोल होते, सूफी पंथांची आणि गावाकडची गाणी होती, आणि लवकरच गेंब्रीही आली. ती वाजवायला एसवीराचा मालेम अब्देर्रहमान पाको आला. घरातल्या विधीचं वाद्य आता पूर्ण वाद्यवृंद न परवडणाऱ्या चार-पाच पोरांच्या हातात, हजारोंच्या गर्दीसमोर होतं. राजा हसन दुसरा याच्या दडपशाहीच्या त्या काळात त्यांची आडवळणाची गाणी लोकांना नेमकी कळत होती. अहमद एल मआनूनी यांनी १९८१ मध्ये त्यांच्यावर केलेला ‘ट्रान्सेस’ हा चित्रपट अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीला इतका भिडला, की पुढे २००७ मध्ये जुने चित्रपट जपणाऱ्या त्याच्या संस्थेने सर्वात आधी याच चित्रपटाची नवी प्रत तयार केली.

त्यानंतर गाडी थांबली नाही. ग्नावा वादक हसन हकमून गेंब्री घेऊन न्यूयॉर्कला गेला. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला ग्नावा दिफ्यूजन हा बँड सुरू झाला. अल्जीरियन लेखक कातेब यासीन यांचा मुलगा अमाझिग याने त्यात रेगे, रॅप आणि सत्ताधाऱ्यांवरची टीका मिसळली. १९९४ मध्ये एसवीराचा मालेम महमूद गिनिया आणि सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलं. १९९८ पासून एसवीरात दरवर्षी ग्नावा महोत्सव भरतो, त्यात मालेमबरोबर जगभरचे वादक बसतात. रात्रभराचा विधी तासाभरात आटोपून टाकला, अशी जुन्या लोकांची तक्रार असते. ती अर्धी खरी आहे. मंचावर कुणाचा आत्मा बोलावला जात नाही. पण मालेमला कलावंत म्हणून मान आणि पैसा मिळाला तो याच मंचामुळे, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं त्यामागेही या महोत्सवातल्या लोकांची खटपट होती.

बाब लब्लूझ या सगळ्याच्या पुढचे. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव ज्या ‘नायदा’ चळवळीवरून आहे, ती २००० नंतरच्या मोरोक्कन तरुणांची. २००३ साली हेवी मेटल ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्या चौदा पोरांना ‘सैतानपूजक’ ठरवून पकडलं, तेव्हा ही पिढी रस्त्यावर आली. दारिजात रॅप आणि रॉक करण्यात काही कमीपणा नाही, हे तिने रुजवलं. युस्राच्या हातातली अविशा ही गेंब्रीची छोटी बहीण, शिकाऊ पोरांना देतात ती. लीलेत मोकद्दमा बाई असली तरी गेंब्रीला हात लावायचा तो पुरुषानेच, असा रिवाज होता. तो मोडणारी युस्रा एकटी नाही. कासाब्लांकाची अस्मा हमझावी वडिलांकडून, मालेम रशीद यांच्याकडून, गेंब्री शिकली आणि ‘ब्नात तिंबक्तू’ हा बायकांचा ताफा घेऊन फिरते. तिचा बाज मात्र पारंपरिकच. युस्राने ते वाद्य अॅम्प्लिफायरला जोडलं. बँडचा दुसरा अल्बम २०२४ मध्ये आला, पहिल्यापेक्षा कितीतरी खरखरीत आणि जोरकस. त्याचं नाव ‘स्वाकेन’: अंगात येऊन राहणारे आत्मे.