सैन्यनिवृत्ती व नागरी पुनर्वसन : इंदूर–महू परिसर

सैन्यातील नोकरी मुदत भरल्यावर, किंवा दुखापत, घरची अडचण अशा कारणाने मुदतीआधी संपवून आलेल्या माणसाने शिक्षणात, नोकरीधंद्यात आणि घरात पुन्हा बस्तान बसवणे. सरकारी कागदांत या प्रक्रियेला ‘पुनर्वसन’ म्हणतात. माळव्यातील मराठी घरांत ‘फौजेतून सुटून आला’ किंवा जुन्या पिढीच्या तोंडी ‘पेन्शनीत निघाला’ एवढेच म्हटले जाते. प्रस्तुत नोंद इंदूर शहर आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे २३ किमी.वर असलेली महूची छावणी (२००३ पासून अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर) यांच्यापुरती आहे. इन्फन्ट्री स्कूल, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आणि आर्मी वॉर कॉलेज या संस्था महूत असल्याने नोकरीत कधीतरी येथे राहून गेलेले आणि पुढे येथेच घर बांधलेले सैनिक पुष्कळ. मराठीभाषकांपैकी काही महूतच राहिले, तर काही इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या मराठी वस्त्यांत स्थायिक झाले.

महू हे नाव ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, ही समजूत माजी सैनिकांतही पक्की आहे. तिला आधार नाही. गावाचे नाव छावणीच्या आधीचे असून ते मोहाच्या झाडाशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते.

शब्दविचार : सैनिक नागरी जीवनात कसा परतला याचा इतिहास मराठी शब्दांत साठलेला आहे, म्हणून तो येथे विस्ताराने देणे योग्य वाटते. ‘शिपाई’ हा शब्द फार्सी ‘सिपाह’ (फौज) यावरून आला. मराठीत तो लढवय्याला लागतो, तसाच कचेरीत फायली नेणाऱ्या, साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या माणसालाही लागतो. दुसरा अर्थ कसा आला याविषयी दोन मते संभवतात. एक असे की, पलटणीतून सुटलेल्यांना कचेऱ्यांच्या दारावर ठेवीत आणि त्यांच्याबरोबर शब्दही आत आला. दुसरे असे की, मराठी राज्यातील शिबंदी, म्हणजे ठाणी सांभाळणारी आणि कमाविसदाराबरोबर सारावसुलीला जाणारी हत्यारबंद माणसे, हीच इंग्रजी अमदानीत हत्यार खाली ठेवून कचेरीची चाकर झाली. माणूस तोच राहिला, काम बदलले. (शिबंदी हा शब्द तीन-तीन महिन्यांनी पगार वाटण्याच्या रिवाजावरून आला असे सांगतात, तेही वादातीत नाही.) पोर्तुगीजांकडून इंग्रजीत आलेला ‘प्यून’ हा शब्दही मुळात पायदळातल्या सैनिकाचा, आणि तोही असाच दारापाशी येऊन थांबला. हे साम्य लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हुद्द्यांच्या नावांचा प्रवास दोन्ही दिशांनी झालेला दिसतो. हवालदार हा मराठी राज्यात किल्ल्याचा किंवा तर्फेचा अधिकारी होता. पुढे तो पलटणीत गेला आणि आज बोलण्यात पोलीस झाला आहे. जमादार हा भूदलातील हुद्दा १९६५ मध्ये नायब सुभेदार या नावाने ओळखला जाऊ लागला. सुभेदार म्हटले की इंदुरातल्या मराठी माणसाला आधी मल्हारराव होळकर आठवतात, पलटण नंतर. पलटणीत नायब सुभेदार आणि त्यावरच्या हुद्देदारांना जवान ‘साहेब’ म्हणतात. निवृत्तीनंतर एखाद्या कंपनीच्या फाटकावर उभे राहून आपल्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याला ‘साहेब’ म्हणण्याची वेळ याच माणसांवर येते. पगारातील फरकापेक्षा हा फरक अधिक जड जातो, असे प्रस्तुत लेखकाला या वर्गातील माणसांच्या सहवासावरून वाटते.

‘छावणी’ या शब्दाचीही गोष्ट अशीच. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळ्यात मोहीम थांबली की फौज जेथे गवताने शाकारलेल्या झोपड्या बांधून राहत असे ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे, हा रिवाज असेपर्यंत घरचा घोडा घेऊन आलेला शिलेदार वर्षातले काही महिने सैनिक आणि काही महिने शेतकरी असे. फौज सोडणे ही तेव्हा स्वतंत्र घटना नव्हती. छावणी बारमाही झाली तेव्हा ती घटना झाली. इंदूर शहरात छावणी नावाचा भाग आजही आहे आणि तेथे धान्याची मंडी भरते.

इतिहास : २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. तहानंतर फौजेला कात्री लागली. महूची छावणी याच तहाचे फळ. दिवाण विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांनी खर्च आवरून राज्याची घडी बसवली. त्या खर्चात फौजेचा वाटा मोठा होता. सुटलेल्या स्वारांची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे झाली. पिंढाऱ्यांचा पुढारी करीमखान याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि होळकरांच्या बाजूने वावरणारा अमीरखान टोंकचा नबाब झाला. सामान्य स्वार शेतीत मुरला असावा असे अनुमान इंग्रज सेनाधिकारी सर जॉन माल्कमच्या १८२३ मधील माळव्याविषयीच्या ग्रंथावरून काढतात. उजाड गावे पुन्हा वसल्याचे त्यात वारंवार येते. मात्र माल्कम स्वतः या व्यवस्थेचा कर्ता होता, हे विसरून चालणार नाही.

या परिसरातील निवृत्त सैनिकाचे सर्वांत परिचित चरित्र सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे आहे. त्यांनी पुण्यास शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले होते आणि लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापकी केली. महूत असतानाच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच डॉ. भीमराव आंबेडकर. रामजींच्या निवृत्तीचे साल कोणी १८९३ देतात, कोणी १८९४. दुसरे अधिक रूढ आहे. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास गेले. सातारा भागात त्यांनी पत्करलेले नागरी काम कोणते, याविषयीही एकवाक्यता नाही. चरित्रांत ते कोठीवाल्याचे म्हणून येते. बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणीत मात्र वडील कोरेगावला रोखपाल होते. मुलाची आठवण येथे अधिक विश्वसनीय मानावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींनाही शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. महारांची भरती १८९० च्या दशकारंभी बंद झाली तेव्हा पगाराबरोबर ही शाळाही गेली, ही बाब चर्चेत फार कमी येते. (महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तिचे केंद्र आता मध्य प्रदेशातच, सागरला आहे.) शिकलेला सैनिक नागरी जीवनात आला की तो शिक्षण मुलांकडे सुपूर्द करतो, ही रीत रामजींच्या घरी ठळक दिसते. स्वतः सैनिकाच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ कोणी विचारलेला दिसत नाही.

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. संस्थानी पायदळाची परंपरा कुमाऊँ रेजिमेंटच्या पंधराव्या पलटणीत चालू आहे.

माजी सैनिक कोण : हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, कारण नोकरीतल्या सवलती उत्तरावर अवलंबून आहेत. केंद्र सरकारचे पुनर्नियुक्तीचे नियम १९७९ चे आहेत. १ जुलै १९८७ किंवा त्यानंतर सुटलेल्यांना सर्वसाधारणपणे पेन्शन घेऊन सुटणे आवश्यक आहे. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षे सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे किंवा कपातीमुळे सुटलेले यात धरले जातात, मुदत पुरी करून उपदान (ग्रॅच्युइटी) घेतलेले अल्पसेवा (शॉर्ट सर्व्हिस) अधिकारीही. आठव्या-नवव्या वर्षी आईवडिलांच्या आजारपणामुळे स्वतःच्या अर्जाने नाव कमी करून घेतलेला जवान मात्र बसत नाही. गावात त्याला सगळे फौजीच म्हणतात, पण भरतीच्या अर्जात त्याला तो रकाना रिकामा सोडावा लागतो.

जो व्याख्येत बसतो त्याला केंद्राच्या गट ‘क’ मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ‘ड’ मध्ये २० टक्के जागा राखीव. सार्वजनिक उपक्रमांत व सरकारी बँकांत हे प्रमाण अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के असून त्यात अपंग सैनिक व हुतात्म्यांचे वारस धरलेले आहेत. वयाच्या सवलतीचा हिशेब असा : अठराव्या वर्षी भरती, सतरा वर्षे नोकरी, पस्तिसाव्या वर्षी सुटका. पस्तिसातून सेवेची सतरा वजा, सवलतीची आणखी तीन वजा, उरले पंधरा. पदाची मर्यादा सत्तावीस असली तरी अर्ज चालतो.

समकक्षतेचा दाखला : दहावी उत्तीर्ण, किंवा सैन्याची तत्सम शैक्षणिक परीक्षा दिलेल्या, आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला पदवी आवश्यक असलेल्या गट ‘क’ पदांसाठी पात्र धरावे, अशी तरतूद १९८६ पासून आहे. त्याचा दाखला पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस देते. कागद एक पानी असतो : नंबर, हुद्दा, नाव, भरतीची व सुटकेची तारीख, खाली गोल शिक्का. बहुतेक जण तो डिस्चार्ज बुकाच्या प्लास्टिकमध्येच ठेवतात. त्याच्यावर बँकेतली कारकुनी मिळू शकते, तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेची जागा नाही. आणि तो पदवी नाही. पदवीची समकक्षता हाती असलेला हाच माणूस एम.ए.चा फॉर्म घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी गेला, तर त्याला बी.ए.ची गुणपत्रिका मागतात. बी.ए.ला जावे तर बारावीची. ती नसते, कारण भरती दहावीवर झालेली असते. दाखल्याने नोकरीचे दार उघडले, हे खरे आणि मोलाचे. पण ज्याने पंधरा वर्षे बिनतारी यंत्रे चालवली किंवा पलटणीचा हिशेब ठेवला त्याचे ज्ञान विषयवार तपासून श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मांडण्याची सोय सर्रास झाली नाही, आणि हा मोठा अन्याय आहे असे म्हटले पाहिजे.

महाविद्यालयाची वाट : रूढ मार्ग आडवळणाचा आहे. आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी. मग इग्नू किंवा भोज मुक्त विद्यापीठ, अथवा देवी अहिल्या विद्यापीठाची (स्थापना १९६४, सध्याचे नाव १९८८ पासून) स्वाध्यायी परीक्षा, म्हणजे बोलण्यातली ‘प्रायव्हेट बी.ए.’. शहाणे जवान हे नोकरीतच सुरू करतात, पण सीमेवर बदली झाली की परीक्षेचे सत्र हुकते. वर्गात रोज बसणारे थोडे. चाळिशीच्या उंबरठ्यावर, वर्गातल्या मुलांनी ‘काका’ म्हणत बाकावर जागा करून द्यायची, हे सोसायला वेगळे धैर्य लागते. शिवाय त्याच वर्षी मुलगी अकरावीत असते आणि घरी एकच टेबल असते.

अधिकाऱ्यांची स्थिती बरीच वेगळी आहे. महूच्या टेलिकम्युनिकेशन कॉलेजातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना विद्यापीठाची मान्यता असल्याने पदवी नोकरीतच पदरी पडते. इंदूरच्या आयआयएमने (स्थापना १९९६) पुनर्वसन महासंचालनालयाच्या सहकार्याने निवृत्तीच्या वाटेवरील अधिकाऱ्यांसाठी सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापन-वर्ग चालवले आहेत.

नागरी कामे : पहारा हे सर्वांत मोठे क्षेत्र. २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्था कायद्यात माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. बँकेच्या दारातला बंदूकधारी गार्ड बहुधा पलटणीतलाच असतो. सिग्नल (संदेशवहन) आणि इएमई (यंत्रदुरुस्ती) या शाखांतील कारागीर पीथमपूरच्या कारखान्यांत सहज सामावतात. शाळांतील क्रीडाशिक्षक, बसचालक, दुकानदार, शेती. पायदळातल्या ‘जनरल ड्यूटी’च्या जवानाची अडचण खरी : त्याला येते ते सगळे, पण त्या कामाला नागरी व्यवहारात नाव नाही.

अग्निवीर : १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची असून जास्तीत जास्त एकचतुर्थांश जणांना पुढे कायम करतात. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले, तेव्हा तिची मुदत २०२६-२७ च्या सांध्यावर भरते. परतणाऱ्याचे वय साधारणतः एकवीस ते पंचवीस, म्हणजे थेट महाविद्यालयाचे. इग्नूने त्यांच्यासाठी आखलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक सैन्यातील प्रशिक्षणाचे धरले आहेत. पलटणीत शिकलेले पदवीत मोजण्याचे हे तत्त्व जुन्या शिपायांना सर्रास लागू झाले नाही. दहावीवर भरती झालेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावीचीही सोय आहे.

घर : निवृत्त सैनिकाच्या घरात काळी पत्र्याची ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा दोन-तीनदा खरवडून पुन्हा लिहिलेला असतो, कारण बढती मिळत गेली. हवालदारापर्यंत नंबर तोच राहतो. आता तिच्यात धान्य किंवा मुलांची जुनी पुस्तके. तो नंबर बायकोलाही तोंडपाठ असतो. कँटीनच्या कार्डाला, २००३ पासून सुरू झालेल्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देताना तोच विचारतात, आणि पतीच्या पश्चात कुटुंब-पेन्शनच्या अर्जावर तिला तो स्वतःच्या हाताने लिहावा लागतो.