न पाहता किल्ली ओळखते कोण?

डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल बोटं फिरवून छापील पुस्तक वाचतंय, असे मुलांचा मध्यमेंदू जागवून न पाहता वाचता येतं असा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे व्हिडिओ अजून फिरतात. नाकाशेजारी पट्टी आणि गाल यांत फट राहते, मूल तिथून पाहतं. फट नीट बुजवली की वाचन बंद. पैसे घेऊन मुलांना लबाडी शिकवणारा हा धंदा आहे. एका इंद्रियाची ओळख दुसऱ्याच्या कामी येते हे मात्र खरं आहे, आणि ते कसं घडतं हे या भंपकपणापेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

बॅगेत हात घालून न बघता आपण किल्ली काढतो. बोटांना मिळतो दाब, गारवा, दातेरी कडा. डोळ्यांना मिळतो फक्त प्रकाश. हे संदेश मेंदूत पोहोचतातही वेगवेगळ्या जागी. मग वस्तू एकच आहे, हे कुठे ठरतं?

१६८८ साली विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं होतं: घन आणि गोल स्पर्शाने ओळखणाऱ्या जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर नुसतं पाहून त्याला ते ओळखता येतील का? लॉक यांचं उत्तर होतं, नाही. मेंदूसंशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने ते तपासलं. भारतात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी आलेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना ठोकळे दिले. पाहिलेला ठोकळा पाहून, हाताळलेला हाताळून ती नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखत. हाताळलेला ठोकळा पाहून ओळखायचा म्हटलं, की जेमतेम ५८ टक्के. दोनांतून एक निवडायचा होता, म्हणजे जवळपास अंदाजच. पण काही दिवसांतच, खास शिकवणी न देता, मुलं बरीच सुधारली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे जोडणी आयती मिळत नाही, पण झटपट होते. ती कशी दिसते, हे अपस्माराच्या रुग्णांमुळे कळलं. झटका कुठून सुरू होतो ते शोधायला त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवतात. त्यांतून एकेका पेशीचा विद्युतसंदेश ऐकता येतो. २००५ मध्ये मेंदूसंशोधक रॉड्रिगो किआन किरोगा आणि सहकाऱ्यांना एका रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी निगडित मेंदूच्या भागात, अशी पेशी सापडली, की जी अभिनेत्री हॅली बेरीच्या फोटोला प्रतिसाद देई, तिच्या रेखाचित्राला देई, मुखवटा घातलेल्या फोटोला देई, आणि पडद्यावर नुसतं तिचं नाव लिहिलं तरी देई! चेहरा आणि अक्षरं यांत दिसायला काय साम्य आहे? काहीच नाही. पुढे २००९ मध्ये उच्चारलेलं नाव ऐकूनही पेटणाऱ्या पेशी मिळाल्या. काही पेशी तर प्रयोग करणाऱ्या संशोधकांनाच प्रतिसाद देत होत्या, आणि त्यांची रुग्णाशी ओळख नुकतीच झालेली. एकत्र पेटणाऱ्या पेशींमधले सांधे बळकट होतात, आणि चेहरा, आवाज, नाव बहुतेक वेळा एकत्रच येतात. एका माणसासाठी एकच पेशी असते असं मात्र नाही. कोट्यवधी पेशींतल्या मोजक्या तपासून एक सापडली, तर तशा अनेक असणार. शिवाय हा प्रतिसाद येतो चित्र दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी. ओळख त्याआधीच पटू लागलेली असते. या पेशींचं काम बहुधा तिची आठवणीशी गाठ मारण्याचं.

ओळखीचा साठा शंखखंडाच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, पुढच्या टोकाशी जोडलेला दिसतो. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना किल्ली दिसते, तिचं चित्रही काढता येतं, पण ती काय आहे ते सांगता येत नाही. हातात दिली की क्षणात सांगतात. ‘सिमँटिक डिमेन्शिया’ या शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थ हरवत जाणाऱ्या आजारात हे पुढचं टोक झिजत जातं. तिथे डोळे, कान, बोटं शाबूत असूनही किल्ली पाहून कळत नाही, हाताळून कळत नाही, तिचा खुळखुळाट ऐकूनही नाही. म्हणून नुसती वस्तू दाखवून रुग्णाची तपासणी पुरी होत नाही. ती हातात देऊनही पाहावी लागते.