घरात आलेलं झाड कोणतं? नाव विचारण्याआधी एवढं पाहा

वास्तुशांतीत भेट मिळालेलं किंवा शेजारून फांदी मागून लावलेलं झाड बहुधा नावाशिवायच घरात येतं. अडचण होते ती पाणी घालताना. झीझी प्लांटला रोज पाणी दिलं की मातीतले बटाट्यासारखे कंद सडतात. पीस लिली मात्र कोरडी ठेवली तर लगेच मान टाकते.

रंग सगळ्यात शेवटी पाहा. उजेड कमी पडला की पांढरे-पिवळे पट्टे फिके होतात, पुष्कळदा नवी पानं नुसती हिरवी येतात. इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात. ती ओळखीची खूण धरू नका.

सुरुवात वाढीपासून करा. देठ थेट मातीतून निघतात, उभं खोड आहे, की वेल आहे? पीस लिली आणि ॲग्लोनिमा यांत इथेच गफलत होते. पीस लिलीला मातीवर खोड दिसत नाही. ॲग्लोनिमाची खालची पानं गळत जातात तसं आखूड, जाड खोड उघडं पडतं. खोडावर गळलेल्या पानांच्या गोल खुणा आणि शेंड्याला लांब पानांचा झुपका असेल तर बहुधा ड्रॅसिना. लकी बांबू हाही ड्रॅसिनाच, बांबू नव्हे. रबराच्या झाडाची खूण सोपी: शेंड्यावर नव्या पानाला लालसर टोपण असतं आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो.

खरी डोकेदुखी वेलींची. मनी प्लांट म्हणून घरोघरी वाढणाऱ्या वेलींमध्ये कितीतरी फिलोडेंड्रॉन असतात. एक सांधा, म्हणजे वेलीवर पान फुटतं ती गाठ, हातात घ्या आणि पानाच्या देठावरून बोट फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूने खोबण लागते, पान जाडसर आणि बुडाशी थोडं वाकडं असतं. हृदयाच्या आकाराच्या पानांच्या फिलोडेंड्रॉनचा देठ गोल आणि गुळगुळीत असतो, पान पातळ आणि मऊ. शंका उरली तर नवं पान येईपर्यंत थांबा. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ आवरणातून बाहेर पडतं आणि ते आवरण वाळून तपकिरी होऊन गळतं. मनी प्लांटला असं गळणारं आवरण नसतं; नवं पान आधीच्या देठाच्या खोबणीतून गुंडाळीसारखं वर येतं. सिंगोनियम याच घोळक्यात सापडतं: कोवळं पान बाणाच्या टोकासारखं असतं, पण वेल मोठी झाली की नवी पानं तीन-पाच भागांची येतात. एकाच कुंडीत दोन्ही तऱ्हेची पानं दिसली म्हणून दोन झाडं समजू नका.

मॉन्स्टेराचंही तसंच. लहान रोपाची पानं अखंड असतात, भेगा आणि भोकं नंतर येतात. मोठ्या पानात मधल्या शिरेजवळ भोकं दिसली तर मॉन्स्टेरा. नुसत्या कडेने खोल चिरा असतील तर मोठ्या पानांचा फिलोडेंड्रॉन असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे जेड म्हणून विकलं जाणारं झाड पुष्कळदा पोर्तुलाकारिया असतं. त्याची पानं नखाएवढी आणि कोवळ्या फांद्या लालसर. खऱ्या जेडची पानं मोठी आणि चांगलीच जाड. दोघांनाही पाणी कमीच लागतं, त्यामुळे यावर फार डोकं शिणवू नका.

चव घेऊन झाड ओळखायला जाऊ नका. डिफेनबेकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन यांच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात. तोंडात गेलं की जीभ आणि घसा जळजळतो, सुजतो. कुठल्याही झाडाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका. फांदी कापल्यावर हात साबणाने धुवा.

आमच्या नर्सरीत विचारायला येताना एकटं पान आणू नका, त्यावरून अंदाजच बांधता येतो. वेल असेल तर दोन सांध्यांचा तुकडा ओल्या कागदात गुंडाळून आणा. फोटो काढायचे तर दिवसाच्या उजेडात चार: पूर्ण झाड, देठ आणि सांधा जवळून, पानाची मागची बाजू, आणि खोड मातीतून निघतं ती जागा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हिरव्याचा पोपटी होतो. किती दिवसांनी पाणी घालता आणि झाड कोणत्या खिडकीत आहे, तेही सांगा.